कानाडोळ्याची किंमत

प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस पाहुणा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे मांडले, तेव्हा पेशवाई बुडून जेमतेम तेरा वर्षे झाली होती. १८४२ मध्ये हेन्री बॅलंटाइन यांनी याच गावातून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. सिंथिया फरार १८३९ मध्ये इथे आल्या, त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये त्या इथेच वारल्या. मुलींची शाळा कशी असते हे जोतीराव फुल्यांनी पाहिले ते फरारबाईंकडे, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही त्यांच्याच हाताखाली. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन नगरला आले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग याच जिल्ह्यात गेला. १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, आणि त्यात सर्व जातिधर्मांची मुले शिकली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात जी गर्दी लोटते, तिच्यात नवस फेडायला आलेल्या हिंदू बायाही असतात.

हे सगळे आधी सांगितले, कारण या पुस्तकाचा विषय ऐकताच अनेकांना तो दूरचा वाटेल. ख्रिस्ती लोकांचा छळ म्हटले की ओडिशातले जंगल, छत्तीसगडचा आदिवासी पाडा किंवा पाकिस्तानातली एखादी वस्ती डोळ्यांपुढे येते. नगर-नेवासे-श्रीरामपूरच्या पट्ट्यात दोन शतके शेजारधर्म पाळला गेला. मग इथे हा प्रश्न कशाला? ज्या गावात शेजारधर्म मजबूत आहे तिथेही तो एका गोष्टीवर टिकून असतो: कुणी तो मोडला तर फौजदार येईल, गुन्हा नोंदवेल आणि खटला उभा राहील, याची सगळ्यांना असलेली खात्री. ती खात्री सुटली की काय होते, याचा हे पुस्तक शोध घेते. मारहाण करणारे थोडेच असतात, आणि कोणत्याही काळात असतात. त्यांच्या मारहाणीचे धार्मिक छळात रूपांतर होते ते शासनाच्या कानाडोळ्यामुळे. माझ्या मते या विषयाचे हे मर्म आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्याभोवती आहे.

हा विचार आजचा नाही. रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती छळाचा इतिहास पाहिला तर पहिली दोनशे वर्षे बादशहाचा सर्वत्र लागू असा हुकूम दिसत नाही, तो इ. स. २५० च्या सुमारास डेशियसच्या काळात आला. त्याआधी छळ होई तो एखाद्या शहरात, शेजाऱ्यांच्या संशयातून, आणि त्या प्रांताचा सुभेदार जमावापुढे मान तुकवतो की नाही यावर तो अवलंबून असे. सुभेदार प्लिनीने इ. स. ११२ च्या सुमारास बादशहा ट्राजनला सल्ला विचारला. उत्तर आले की या लोकांना शोधत फिरू नये आणि निनावी तक्रारी घेऊ नयेत. पण कुणी रीतसर आरोप केला आणि आरोपीने धर्म सोडला नाही, तर शिक्षा द्यावी. कायदा असा अर्धवट ठेवला की माणसाचा जीव अधिकाऱ्याच्या मर्जीवर येतो. पुढच्या एकोणीसशे वर्षांत या विषयाचे फार मोठे शास्त्र झाले, तरी त्याचा पाया इथेच आहे.

आपल्या जिल्ह्यातला सुरुवातीचा विरोध वेगळ्या धाटणीचा होता. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ते यांच्यासारखे ब्राह्मण ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडला. घर, नाते, मालमत्ता सगळेच हातून जायची वेळ आली. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असे ठरले. हे शासनाने बाजू घेणे नव्हते, शासनाने आपले काम करणे होते. पण त्या कायद्याचा उपयोग ज्याच्याकडे वारशाला काही आहे त्यालाच. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर या जिल्ह्यात मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते महार आणि मांग समाजातले लोक. त्यांच्याजवळ होते बलुते, गावकीचे काम आणि पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीची वाट पाहणे. धर्म बदलला म्हणून विहीर खुली झाली नाही, आणि बलुते बंद झाले तर दाद मागायला कोणते कोर्ट नव्हते. चावडीवर पाटील जे म्हणेल तोच न्याय. इंग्रज अधिकारी गावच्या रीतिरिवाजात हात घालायला नाखूष असत, आणि त्या नाखुषीला ते तटस्थपणा म्हणत. दुबळ्याच्या बाबतीत असा तटस्थपणा बलवानाच्या पथ्यावर पडतो, हा धडा इथल्या मिशनवाड्यांनी फार लवकर शिकला.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलायला हवे होते. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. धर्म मानणे आणि आचरणे यांबरोबर त्याचा प्रचार करण्याचा हक्कही असावा का, यावर मतभेद होते. कन्हैयालाल मुन्शी यांच्यासारख्यांनी त्या हक्काची बाजू मांडली आणि तो पंचविसाव्या कलमात राहिला. पण तेवढ्याने वाद मिटला नाही. १९५६ मध्ये मध्य प्रदेशात मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल आला. १९६७ मध्ये ओडिशाने आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मांतराचे नियमन करणारे कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात ते वैध ठरवले. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालय म्हणाले. तेव्हापासून एक विचित्र स्थिती तयार झाली. प्रार्थना सभेला बसलेल्या माणसाला कायद्याचे संरक्षण आहे, पण त्याच सभेवर कायद्याचा संशयही आहे. जमाव दारात आला की पोलिसाने आधी संरक्षण द्यायचे की आधी संशयाची चौकशी करायची? उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ते ठाणे अंमलदाराच्या मनावर ठरते.

जिल्ह्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा एक दस्तऐवज आहे: १९५० चा अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश. त्यात हिंदूंपुरता दर्जा होता; १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलितांना आजवर मिळालेला नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये तो द्यावा असे सुचवले, आणि २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग पुन्हा त्याच प्रश्नासाठी नेमला गेला. आरक्षणाचा वाद बाजूला ठेवू. पण १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही याच दर्जाला बांधलेला आहे. गावाच्या नजरेत जो अजून वस्तीतलाच आहे, ज्याला शिवी जातीवरूनच मिळते, त्याच्या फिर्यादीत मात्र ते कलम लागू शकत नाही. एकाच वस्तीत राहणारे दोन चुलतभाऊ, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती, एकाच दिवशी एकाच माणसाच्या हातून मार खातात, तरी त्यांच्या कागदांचे वजन सारखे नसते. अहिल्यानगरच्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग या दरीत उभा आहे.

देशपातळीवर या विषयाला वळण मिळाले ते १९९८ च्या नाताळात. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या गुजरातच्या डांग भागात आदिवासींची चर्च जाळली गेली. जानेवारी १९९९ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी तिथे गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असे बोलले. जळालेल्या चर्चसमोर चर्चेचा विषय जाळणारे न ठरता जळालेल्यांची श्रद्धा ठरली, याची तेव्हाच अनेकांना टोचणी लागली. त्याच महिन्यात, २२ जानेवारीच्या रात्री, ओडिशातल्या मनोहरपूरला कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत जाळून मारली गेली. त्या प्रकरणात तपास झाला, खटला चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. त्या निकालात धर्मांतराविषयी काही अनावश्यक वाक्ये आली होती. टीका होताच न्यायालयाने ती काही दिवसांतच वगळली. संस्था आपली चूक दुरुस्त करू शकते, याचे हे उदाहरण आहे.

ओडिशातल्याच कंधमालचे उदाहरण उलट बाजूचे आहे. तिथे डिसेंबर २००७ मध्ये पहिली हिंसा झाली. तिचा धडा घेतला असता तर ऑगस्ट २००८ टळले असते, असे मानायला जागा आहे. विश्व हिंदू परिषदेचे तिथले नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांची हत्या झाली, माओवाद्यांनी तिची जबाबदारी घेतली, आणि सूड उगवला गेला तो गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांवर. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जे आकडे आले ते वाचकाने सावकाश वाचावेत. नोंदलेले गुन्हे ८२७. त्यांतल्या ३१५ प्रकरणांत गुन्हा झालाच नाही किंवा आरोपी सापडले नाहीत असे सांगून पोलिसांनी फाइल बंद केली. निकाली निघालेल्या ३६२ खटल्यांपैकी शिक्षा झाली ७८ मध्ये. बंद केलेल्या फाइली पुन्हा पाहा, असे न्यायालयाने सांगितले. घरे जळताना शासन कमी पडले असेल तर ते एकदाच कमी पडले. फाइल बंद करताना ते ३१५ वेळा कमी पडले.

शासन कुठे हिंसा थांबवते आणि कुठे कानाडोळा करते, या कोड्याकडे अभ्यासकांनी निरनिराळ्या बाजूंनी पाहिले आहे. पॉल ब्रास यांनी उत्तर भारतातल्या दंगलींचा अभ्यास करून दाखवले की दंगल आपोआप पेटत नाही. तिच्यामागे अफवा पसरवणारे, माणसे जमवणारे आणि नंतर घडल्याचा सोयीचा अर्थ लावणारे असे एक कायमचे यंत्र असते. स्टीव्हन विल्किन्सन यांनी भर दिला तो मतांच्या गणितावर: पोलीस राज्य सरकारच्या हाताखाली असतात, आणि अल्पसंख्याकांची मते सरकारला हवी असतात तिथे दंगल थांबवली जाते. आशुतोष वार्ष्णेय यांनी नागरी जीवनाकडे लक्ष वेधले. जिथे व्यापारी संघ, मंडळे, संघटना यांत दोन्ही समाज एकत्र काम करतात तिथे अफवा विरून जाते. ब्रायन ग्रिम आणि रॉजर फिंक यांनी जगभरच्या देशांची तुलना करून असा निष्कर्ष काढला की धर्मावरची बंधने वाढली की छळ वाढतो. शांततेच्या नावाने घातलेले बंधन शांतता आणत नाही. चाड बाउमन यांनी भारतातल्या ख्रिस्तींवरच्या हल्ल्यांचा खास अभ्यास केला. नव्या, लहान, घरगुती पेंटेकोस्टल मंडळ्यांना मार जास्त बसतो, हे त्यांनी दाखवून दिले. या सगळ्यांच्या जोडीला आपल्याकडचे विभूती नारायण राय आहेत. ते स्वतः पोलीस अधिकारी होते, आणि राज्यकर्त्यांची संमती नसेल तर कोणतीही दंगल चोवीस तासांपेक्षा जास्त टिकू शकत नाही, हे त्यांनी वारंवार ठणकावून सांगितले.

या अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. राजकीय गणितावर भर देणाऱ्याला शेजारधर्माचे मोल कमी दिसते. शेजारधर्मावर भर देणारा सरकारची जबाबदारी हलकी करतो. नगरसारख्या जिल्ह्यात दोन्ही लागतात. तरी एका जागी हे सगळे एकमेकांना भेटतात. ती जागा म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी.

तिथे काय होते ते नीट समजून घ्यायला हवे. रविवारच्या उपासनेत पंधरा-वीस जण शिरतात, पेटी-तबला फोडतात, पाळकाला मारतात. पाळक ठाण्यात जातो. त्याला बसवून ठेवतात. मग दुसरी बाजूही येते आणि सक्तीच्या धर्मांतराची तक्रार देते. पाळकाची तक्रार अदखलपात्र म्हणून लिहून घेतली जाते, समोरच्यांची दखलपात्र होते. रात्री गावातली चार वजनदार माणसे येतात आणि म्हणतात, ‘मिटवून टाका, गावात राहायचंय ना?’ पाळक सही करतो. पुढच्या रविवारी उपासना होत नाही. कागदोपत्री काहीच घडलेले नसते. आपल्याकडे २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली, आणि बांधाच्या भांडणांत तिचा उपयोगही झाला. पण भक्तिस्थानावरचा हल्ला हा तंटा नव्हे, गुन्हा आहे. तो मिटवण्याचा अधिकार गावाला नाही. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिस्तींवर हल्ला झाला की खटल्याऐवजी ‘सलोख्याची बैठक’ भरवतात, आणि बैठकीअंती मार खाल्लेल्या कुटुंबालाच गाव सोडावे लागल्याची उदाहरणे तिथे आहेत. सलोखा हा शब्द चांगला आहे; जबरदस्तीने घेतलेल्या सहीला तो शोभत नाही.

कायद्याची उणीव नाही, हे इथे ठासून सांगितले पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितले. आज ही नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली होते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकाकडे आणि पुढे दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. भारतीय न्याय संहितेची २९८ ते ३०१ ही कलमे भक्तिस्थान, उपासना आणि दफनभूमी यांच्या रक्षणासाठीच आहेत. जमावाच्या हिंसेबाबत २०१८ मध्ये आणि द्वेषपूर्ण भाषणांबाबत २०२३ मध्ये न्यायालयाने पोलिसांना आपणहून कारवाई करायला बजावले आहे.

या जिल्ह्याला तपासाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. १ जानेवारी २०१३ ला सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली. खटला नाशिकला चालला आणि २०१८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. एप्रिल २०१४ मध्ये खर्ड्यात एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला; साक्षीदार फुटले आणि २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. ही दोन्ही जातीय अत्याचाराची प्रकरणे आहेत, धर्माची नव्हेत. पण जिल्हा एकच, काळ जवळजवळ एकच, आणि निकाल इतका वेगळा. साक्षीदाराला कुणी जपले आणि कुणी वाऱ्यावर सोडले, याचा विचार त्या दोन गावांची नावे शेजारी ठेवून करावा.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर अलीकडच्या घडामोडींत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडला तोंडे बांधून आलेल्यांनी रविवारच्या प्रार्थनेवर तलवारी घेऊन हल्ला केला, तेव्हा ती तुरळक घटना वाटली. जून २०२५ मध्ये सांगलीत आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी जाहीर सभेत लाखांची बक्षिसे सांगितली. त्यामागे एका गर्भवती विवाहितेचा मृत्यू होता, आणि त्या मृत्यूचा काटेकोर तपास व्हायलाच हवा. पण विधिमंडळात बसणाऱ्याने मारहाणीला मोल लावणे हा त्या मुलीला न्याय नव्हे. जुलैत ख्रिस्ती समाज आझाद मैदानावर जमला. त्याच महिन्यात विधानसभेत महसूलमंत्र्यांनी धुळे-नंदुरबार भागातली अनधिकृत चर्च हटवण्याचे आश्वासन दिले. अनधिकृत बांधकाम कुणाचेही असो, नियम एकच असावा. एका धर्माचे नाव घेऊन नियम सांगितला की ऐकणारा जमाव त्यातून परवानगीच ऐकतो. दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या फतेहपूरच्या सामूहिक धर्मांतराच्या फिर्यादी रद्द केल्या आणि फौजदारी कायदा निरपराधांना छळण्याचे साधन होऊ शकत नाही, असे बजावले. दोन वाटा आज एकाच वेळी खुल्या आहेत.

एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. आमिष दाखवून, आजाराचा फायदा घेऊन धर्मांतर होत नाही का? होत असेल तर त्याची तक्रार करावी, पुरावा द्यावा आणि न्यायालयाने निर्णय द्यावा. धर्मांतरावर टीका करणे हाही नागरिकाचा हक्क आहे; महात्मा गांधींनी मिशनऱ्यांशी तो वाद आयुष्यभर केला, आणि हात न उगारता केला. या पुस्तकातल्या लेखकांचीही धर्मांतराविषयी मते एक नाहीत. पण फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा ही तिन्ही कामे जमावाने करायची नाहीत, यावर त्यांचे एकमत आहे. आणि हे माप सगळीकडे सारखे लावायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये पाकिस्तानातल्या जडांवाला इथे चर्च आणि घरे जळाली तेव्हा आपण तिथल्या पोलिसांना दोष दिला. सिंधमधल्या हिंदू मुलींच्या सक्तीच्या धर्मांतरासाठीही आपण तिथल्या शासनालाच जबाबदार धरतो. ते बरोबरच आहे. तोच न्याय आपल्या ठाण्यांना लागू आहे.

या संग्रहाचा हेतू मर्यादित आहे. एखाद्या पक्षाला किंवा संघटनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हे त्याचे काम नाही, आणि ख्रिस्ती समाजाची कैफियत एवढेच त्याचे रूप नाही. इतिहास, कायदा, पोलीस कामकाज आणि गावचे राजकारण या चार वाटांनी तो एकाच प्रश्नाकडे येतो. वकिलाला यात कलमे मिळतील, पत्रकाराला प्रश्न विचारण्याची रीत मिळेल, आणि पाळकाला ठाण्यात जाताना काय मागायचे ते कळेल. सर्वांत जास्त उपयोग, मला वाटते, तरुण पोलीस अधिकाऱ्याला होईल. कारण शेवटी दंगल रोखण्याचे काम विचारवंतांच्या हाती नसते. ते पहिल्या तक्रारीच्या दिवशी ठाण्यात हजर असलेल्या माणसाच्या हाती असते.

जोतीराव फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात अशा घराची कल्पना केली, ज्यात एकाच कुटुंबातली माणसे आपापल्या मनाला पटेल तो धर्म पाळून गुण्यागोविंदाने राहतील. ते घर उभे राहायला थोर मन लागते, आणि ते कायद्याने निर्माण करता येत नाही. पण त्या घराच्या दारावर कुणी दगड मारला तर त्याची नोंद घेणे, दगड मारणाऱ्याला न्यायालयात उभे करणे, एवढे कायद्याने नक्की करता येते. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की हे पुस्तक वाचून बाजूला ठेवू नये. आपल्या तालुक्यात असा प्रकार घडला तर मार खाल्लेल्या माणसाबरोबर, तो कोणत्याही धर्माचा असो, ठाण्यापर्यंत चालत जावे, फिर्याद नोंदली जाईपर्यंत तिथून हलू नये, आणि तिची प्रत हातात घेऊनच घरी परतावे.